काळी त्वचा रंगवताना पांढरी ट्यूब बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेथ रिंगगोल्ड, एमी शेराल्ड, मिकलीन थॉमस या कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकर्त्यांच्या चित्रांतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या न होताही झळाळतात. पण स्वतः तेलरंगात काळ्या किंवा गडद सावळ्या बाईचं पोर्ट्रेट करायला घेतलं, की चेहरा एक तर राख फासल्यासारखा होतो, नाही तर चिखल होतो. या चित्रकर्त्या नेमकं काय करतात, आणि त्यातलं घरच्या ईझलवर काय जमेल?

राख आणि चिखल हे दोन वेगळे आजार आहेत, म्हणून आधी ते वेगळे करू. राख होते पांढऱ्यामुळे. गडद तपकिरीत टिटॅनियम व्हाइट घातला की रंग उजळतो, पण त्याच वेळी थंड आणि खडूसारखा होतो. त्यातली लाली मरते. कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा दांडा तुम्ही पांढऱ्याने वर काढता, आणि नेमकी तिथेच राख दिसते. चिखल होतो तो उजेड-अंधाराच्या पायऱ्या आधी न ठरवल्यामुळे. सावली पुरेशी गडद नाही म्हणून काळा घालायचा, जास्त गडद झाली म्हणून पिवळा, मग थोडा लाल. आठ वेळा घोटलेला रंग कुठलाच राहत नाही.

सवय आली कुठून, तर बहुतेकांचं पोर्ट्रेटचं शिक्षण गोऱ्या चेहऱ्यावर झालेलं असतं. 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब उघडून पाहा, गुलाबी निघते. फोटोतही तेच झालं. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंटचा समतोल जुळवायला प्रयोगशाळांना 'शर्ली कार्ड' पाठवायची. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि तिची त्वचा नीट आली म्हणजे मशीन बरोबर लागलं असं धरलं जाई. काळ्या चेहऱ्यांमधले बारकावे त्या हिशेबात बसतच नव्हते. फिल्म सुधारायला लावणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचरचे उत्पादक होते, कारण त्यांच्या जाहिरातींत तपकिरी छटा एकमेकींत मिसळून जात. माणसांच्या तक्रारीपेक्षा टेबलाची तक्रार आधी ऐकली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून रिंगगोल्ड यांनी 1967 ते 1969 या काळात केलेली 'ब्लॅक लाइट' चित्रमालिका तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. त्यांनी पॅलेटवरून पांढरा काढून टाकला आणि रंग काळ्यात मिसळून उजेड-अंधार बांधला. लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक रंग खालच्या पट्टीत, आणि फरक एकमेकांशेजारी ठेवल्यावरच कळेल असा. पांढरा नसला की सगळ्यात उजळ जागासुद्धा मध्यम असते, आणि डोळा त्या पट्टीला सरावला की मध्यम रंगही चमकायला लागतो. हा नुसता रंगाचा खेळ नव्हता. चित्रातला प्रकाश म्हणजे पांढरा, हे गृहीतकच त्यांना मोडायचं होतं.

पुढे 1971-72 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडवरच्या स्त्रियांच्या तुरुंगासाठी 'फॉर द विमेन्स हाउस' हे भलं मोठं तैलचित्र केलं. तिथल्या कैदी बायकांना काय पाहायला आवडेल ते आधी विचारलं. काँगोमधल्या कुबा लोकांच्या नक्षीवरून चौकोनाचे आठ त्रिकोण पाडले, आणि त्यांत बस चालवणारी, बास्केटबॉल खेळणारी, डॉक्टर अशा कामात असलेल्या बायका बसवल्या. 1988 मध्ये ती इमारत पुरुष कैद्यांना दिली गेली आणि चित्रावर चक्क पांढरा रंग मारला गेला. नंतर ते वाचवून दुरुस्त केलं गेलं.

आता ट्यूबांकडे. काळा म्हणजे एक रंग नाही. केरी जेम्स मार्शल हे कृष्णवर्णीय अमेरिकी पुरुष चित्रकार, पण हातात भलंमोठं पॅलेट धरलेली कृष्णवर्णीय चित्रकर्ती त्यांनी 2009 मध्ये रंगवली, आणि काळ्या रंगावर त्यांच्याइतका विचार कमी लोकांनी केला आहे. ते आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक वेगळे वापरतात आणि त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळून आणखी काळे तयार करतात. त्यामुळे त्यांच्या आकृती पूर्ण काळ्या असूनही सपाट सावलीसारख्या दिसत नाहीत.

हे घरी तपासायला अर्धा तास लागतो. जाड पांढऱ्या कागदावर तुमच्याकडच्या प्रत्येक काळ्याचा नखाएवढा ठिपका ठेवा. अर्धा तसाच राहू द्या, अर्धा बोटाने ओढून पातळ करा. शेजारी तोच रंग चिमूटभर पांढऱ्यात मिसळून लावा. हा पांढरा फक्त चाचणीपुरता. लॅम्प ब्लॅक पांढऱ्यात निळसर जातो आणि थोडासाच पुरतो. मार्स ब्लॅक लोहाचा, अपारदर्शक, पांढऱ्यात तपकिरीकडे झुकतो आणि लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हाडांच्या कोळशाचा, मवाळ, सावकाश वाळणारा. त्याचा जाड थर खाली आणि लवकर वाळणारा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) वर असं केलंत, तर पुढे तडे जातील.

त्वचेसाठी मात्र ट्यूबमधल्या काळ्याऐवजी मिश्रणाचा काळा जास्त उपयोगी पडतो, कारण तो कुठेही गरम किंवा थंड वळवता येतो. अल्ट्रामरीन ब्लू 1 भाग आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) 1 भाग: जवळजवळ काळा. सिएना दीड भाग केला तर गालाखालची उबदार सावली, अल्ट्रामरीन दीड भाग केला तर जबड्याखालची थंड सावली. दुसरा काळा अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि व्हिरिडियन (हिरवा) यांचा. व्हिरिडियन कमजोर असतो, त्यामुळे तो थोडा जास्त लागतो. त्याच्याऐवजी थॅलो ग्रीन असेल तर टोकावर मावेल एवढाच घ्या, तो सगळं गिळून टाकतो. या काळ्यात अलिझरिन वाढवला की ओठ, कानाची पाळी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातली खोल लाली मिळते. मधल्या पट्टीसाठी बर्न्ट सिएना 2 भाग, यलो ऑकर (मातकट पिवळा) 1 भाग आणि अल्ट्रामरीन जेमतेम. उजळ करायचं तर ऑकर वाढवा, मग कॅडमियम ऑरेंजचा कण. पांढरा अगदी शेवटी येतो, आणि तोही त्वचेचा रंग म्हणून येत नाही.

मग कशाचा म्हणून? हे समजायला देवळातली काळ्या पाषाणाची मूर्ती डोळ्यांपुढे आणा. कोरडी असताना नाक-डोळे नीट कळत नाहीत. अभिषेक झाला, अंगावर पाणी आलं, की समईच्या उजेडात नाकाचा दांडा, खालचा ओठ, खांद्याची गोलाई एकेका पिवळ्या रेघेने उमटते. दगड पिवळा झालेला नसतो. त्यावर समई दिसते. गडद त्वचेचंही तेच आहे. ती आतून कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून पृष्ठभागावरची चकाकी तुलनेने ठळक होते, आणि त्या चकाकीचा रंग दिव्याचा असतो. उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात ती निळसर राखी येईल, बल्बच्या उजेडात पिवळी, हिरव्या भिंतीजवळ गालाच्या कडेला हिरवट. गोऱ्या चेहऱ्यावर 'त्वचा अधिक पांढरा' हे सूत्र खपून जातं. इथे 'प्रकाशाचा रंग' वेगळा मिसळावा लागतो: खिडकी असेल तर पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा कण, दिवा असेल तर ऑकरचा. तो लहान जागी, एका फटकाऱ्यात ठेवायचा आणि घोटायचा नाही. घोटलात की पुन्हा राख.

बसण्याचा क्रम असा ठेवा. कॅनव्हास पांढरा ठेवू नका. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासभर फासा आणि वाळू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही तपकिरी जास्त काळा वाटतो, घाबरून आपण तो फिका लावतो, आणि पार्श्वभूमी भरल्यावर चेहरा धुतल्यासारखा दिसतो. म्हणूनच पार्श्वभूमीचा एक पट्टा चेहऱ्याआधी लावा. मग काळ्याला 1 आणि पांढऱ्याला 10 धरून दहा पायऱ्यांची पट्टी करा. गडद त्वचेचा बहुतेक भाग 2 ते 5 मध्ये बसतो, चकाकी 7-8 पर्यंत जाते, मधल्या 6 ला फार थोडी जागा मिळते. ही उडी हेच गडद त्वचेचं लक्षण आहे. 5 पासून 8 पर्यंत गुळगुळीत चढ केलात तर चेहरा प्लास्टिकचा होतो. पहिल्या बैठकीत फक्त तीन पायऱ्या मांडा: 2, 3 आणि 5. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून तपासा. या तीन पायऱ्यांत माणूस ओळखू येत नसेल, तर पुढे रंग चढवून काही फायदा नाही.

डोळ्यांचं पांढरं पांढरं नसतं, ते 6 च्या आसपास, किंचित पिवळसर किंवा निळसर असतं. 10 लावलंत तर डोळे बटाटे होतात, आणि कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या अमेरिकी व्यंगचित्रांतले नेमके तेच डोळे तुमच्या चित्रात येतात. ओठांचे दोन रंग असतात, वरचा गडद आणि खालचा लालसर. दोन्हींवर एकच गुलाबी फासू नका. तळहात, नखं आणि बोटांचे सांधे यांचे रंग वेगळे तपासा.

शेराल्ड यांचा मार्ग याच्या बरोबर उलटा आहे आणि तोही करून पाहण्यासारखा आहे. त्या त्वचा तपकिरी रंगवतच नाहीत, करडी रंगवतात. हा करडा काळा आणि नेपल्स यलो यांचा, म्हणून तो सिमेंटसारखा मेलेला नसतो, त्यात ऊब असते. भोवतीचे कपडे मात्र भडक आणि पार्श्वभूमी सपाट, एका रंगाची. 2018 मधलं मिशेल ओबामांचं चित्र आठवा: 6 फूट बाय 5 फूट, फिकी निळी सपाट पार्श्वभूमी, मोठ्या भौमितिक नक्षीचा घेरदार पोशाख, आणि करडे हात. त्या पोशाखावरून अनेकांना अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आठवल्या. वर्ण हा पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेला रंग असतो. तो काढून घेतला की त्याला चेहरा बघावा लागतो. तुमच्या राखेत आणि या करड्यात फरक काय, तर इथला करडा सगळीकडे सारखा आणि मुद्दाम आहे. घरी करताना काळ्यात नेपल्स यलो घालून पाच पायऱ्या आधीच मिसळून ठेवा. मध्येच कुठे तपकिरी शिरला, तर चेहरा आजारी दिसेल.

केसांवर लोक सगळ्यात कमी वेळ देतात, आणि या चित्रपरंपरेत तर अर्धी गोष्ट केसांतच आहे. नैसर्गिक केस न सरळ करता मोकळे ठेवणं ही 1960 नंतर अमेरिकेत उघड भूमिका होती. आफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुललेले कुरळे केस, हा नुसता काळा चेंडू नव्हे. आतला भाग 1-2 पायरीवर एकसंध ठेवा, कड मात्र झिरझिरीत: तिथून मागचा प्रकाश आरपार येतो. ताठ केसांच्या जुन्या ब्रशवर अगदी थोडा कोरडा रंग घेऊन, पार्श्वभूमी ओली असतानाच कडेवर उभा टेकवा, ओढू नका. एकेक केस काढायला गेलात की तार दिसते. डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्या असतील तर आधी भांगाच्या रेषा काढा, कवटीच्या गोलाईप्रमाणे वळत मागे जाणाऱ्या. भांगातली त्वचा कपाळापेक्षा पायरीभर उजळ असते. मग प्रत्येक पेडाला एकाच बाजूने एकच चकाकी. सगळ्या पेडांना सारखी दिलीत तर दोरखंड होतो. मागे जाताना ती विझत गेली पाहिजे.

मिकलीन थॉमस यांच्या चित्रांतले चमचमते खडे पाहून अनेकांना मोह होतो. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी त्यांनी तीन कृष्णवर्णीय स्त्रियांचं 10 फूट बाय 24 फुटांचं चित्र केलं: पॅनेलवर अ‍ॅक्रिलिक, इनॅमल आणि खडे. गवतावरच्या सहलीच्या एका प्रसिद्ध फ्रेंच चित्राची मांडणी घेतली. त्या चित्रात पुरुष कपड्यांत आणि बाई नग्न आहे, इथे मात्र सगळ्या बायका कपड्यांत, रुबाबात, पाहणाऱ्याकडे रोखून बघणाऱ्या. त्यांची पद्धत टप्प्यांची आहे: स्टुडिओत 1970 च्या दशकातल्या घरासारखा सेट, नक्षीदार कापडं, तिथे फोटो, फोटो कापून कोलाज, आणि कोलाजवरून चित्र.

खडे लावायचे तर ताणलेल्या कॅनव्हासवर नकोत, तो हलतो आणि खडे सुटतात. प्लायवूड किंवा एमडीएफ घ्या. सुपरग्लूची वाफ खड्यावर पांढरट धुकं आणते आणि मागचा चांदीचा वर्ख खराब करते, म्हणून दोन भागांचा इपॉक्सी वापरा, एका वेळी दहा मिनिटांत संपेल एवढाच मिसळून. सपाट पाठीचे 3 ते 4 मिलिमीटरचे खडे बाह्यरेषेला पुरतात. वार्निश आधी, खडे नंतर. आणि खड्यांच्या शेजारचा भाग मॅट ठेवा. सगळंच चमकलं तर खडे दिसत नाहीत, लग्नाचा मांडव दिसतो.

संदर्भ-फोटो काढताना मोबाइल तुमच्या विरुद्ध असतो. चौकटभर गडद चेहरा असेल तर कॅमेरा त्याला मध्यम करड्यावर आणायला बघतो आणि उजळवतो. मागे उजेडाची खिडकी असेल तर उलट, चेहरा कोळसा होतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड हाताने कमी-जास्त करा आणि 'ब्यूटी' नावाचं जे काही असेल ते बंद करा. प्रकाश बाजूने, मोठ्या खिडकीतून. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल. फ्लॅश नको, तो तीच राख फोटोतच आणून देतो. दक्षिण आफ्रिकेतले झानेले मुहोली 'सोम्न्यामा न्गोन्यामा' या स्वतःच्या छायाचित्रांच्या मालिकेत कॉन्ट्रास्ट वाढवून त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळी करतात. चाळीसहून जास्त वर्षं घरकाम केलेल्या आपल्या आईच्या आठवणीत, 2015 मधल्या एका फोटोत कपडे वाळत घालायचे चिमटे केसांत मुकुटासारखे लावले आहेत. त्वचा इतकी काळी असूनही डोळ्यांचं पांढरं आणि चिमट्यांच्या कडा सुरेख उठून दिसतात, कारण सगळ्यात उजळ जागा त्यांनी अगदी मोजक्या ठेवल्या आहेत. असा फोटो मॅट कागदावर छापलात तर काळा करडा पडतो. थोडी चमक असलेला लस्टर किंवा बरायटा फोटो-कागद घ्या.

उसनं काय घ्यायचं हाही प्रश्नाचा भाग आहे, विचारलेला नसला तरी. तुमची बाई विदर्भातली किंवा कोकणातली असेल तर तिला आफ्रो आणि आफ्रिकी छापाचं कापड देऊ नका. घ्यायची ती पद्धत. अमेरिकी कृष्णवर्णीय कलाकार बेटी सार यांनी 1972 मध्ये जेमतेम 30 सेंटिमीटर उंचीची एक पेटी केली, 'द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा'. पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतली हसरी काळी मोलकरीण ही त्यांच्या समाजाची रोजची बदनामी. तिचीच बाहुली घेतली, एका हातात झाडू राहू दिला, दुसऱ्यात रायफल दिली, आणि मागे त्याच पिठाची लेबलं एकाशेजारी एक चिकटवली. आपल्याकडची लेबलं वेगळी आहेत: 'गोरी, सुस्वरूप' लिहिलेल्या लग्नाच्या जाहिराती, गोरेपणाच्या क्रीमच्या रिकाम्या ट्यूबा. त्यांतल्या सगळ्यात खपणाऱ्या क्रीमने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढला. जुन्या नावाची ट्यूब कुठे मिळाली तर जपून ठेवा, कोलाजसाठी ती सोन्यासारखी आहे. वर्तमानपत्राचा कागद मात्र पिवळा पडतो. त्याची प्रत आम्लरहित कागदावर छापून तीच चिकटवा.

शेवटी चित्र वाळल्यावर येणारी तक्रार: 'ओलं असताना काळे किती खोल होते, आता ठिकठिकाणी धुरकट पडले.' खालच्या थराने तेल शोषून घेतलं की असं होतं, आणि अंबर व आयव्हरी ब्लॅकमध्ये सगळ्यात जास्त. वरून आणखी काळा लावू नका. चित्र हाताला कोरडं लागल्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग, मऊ कापडावर अगदी थोडं घेऊन धुरकट जागेवर चोळा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. मूळ रंग परत वर येतो. अंतिम वार्निश साधारण सहा महिन्यांनी, आणि मुंबई-कोकणात ते जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. दमट हवेत वार्निशवर पांढरट धुरी धरते, आणि गोऱ्या चेहऱ्यावर जी कदाचित दिसणारही नाही ती इथे पहिल्या दिवशी दिसते.